कुटुंबातील शुश्रूषाकर्ते आणि इंटरनेट : डिजिटल वंचिततेचा एक ऐतिहासिक आढावा (१९८४ ते २०२५)

बीजसंज्ञा : कौटुंबिक शुश्रूषा, शुभंकर, इंटरनेट, डिजिटल वंचितता, ई-प्रशासन, युनिकोड, महाराष्ट्र

प्रास्ताविक

मराठी घरात कोणी अंथरुणाला खिळले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न 'करायला कोण आहे?' असा असतो. या प्रश्नातील 'करणे' म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारत नाही. औषधे वेळेवर देणे, भरवणे, कूस बदलणे, रात्री तीनदा उठणे, दवाखान्याची कागदपत्रे सांभाळणे हे सर्व त्यात गृहीत असते. ते 'करणारे माणूस' बहुधा घरातील स्त्री असते : पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी. या व्यक्तीला मराठीत सर्वमान्य असे नाव मात्र दीर्घकाळ मिळाले नाही. 'काळजीवाहू' हा शब्द मुदत संपलेल्या सरकारने अडवून ठेवला आहे, तर 'परिचारिका' म्हणताच गणवेशातील पगारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या महाराष्ट्रातील स्वमदत गटांनी रुग्णासाठी 'शुभार्थी' व त्याची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयासाठी 'शुभंकर' हे शब्द रूढ केले. ते सुंदर असले तरी त्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाहीत. प्रस्तुत लेखात 'शुश्रूषाकर्ता' ही संज्ञा स्त्री व पुरुष या दोहोंसाठी वापरली आहे.

इंटरनेटचा इतिहास लिहिताना संशोधन संस्था, दूरसंचार कंपन्या आणि शासनाची धोरणे यांचा परामर्श घेतला जातो. डिजिटल दरीची चर्चा ग्रामीण-नागरी, गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष या विभागणीने होते. ही विभागणी चुकीची नाही. परंतु तीत शुश्रूषाकर्ता सापडत नाही, कारण त्याची वंचितता केवळ साधनाच्या अभावातून येत नाही. हातात चांगला फोन असलेली, पदवीधर, शहरात राहणारी सूनदेखील सासूच्या निवृत्तिवेतनाच्या कामात अडते, कारण तिला जे काम करावयाचे असते ते स्वतःचे नसून दुसऱ्याचे असते. कागदाच्या कारभारात 'दुसऱ्याच्या वतीने' या शब्दांना एक जागा होती. डिजिटल कारभाराने ती जागा कशी व केव्हा आकुंचित केली, आणि याच इंटरनेटने शुश्रूषाकर्त्याला काय दिले, याचा कालानुक्रमे विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

क्लीव्हलँडचा प्रयोग

या इतिहासाची सुरुवात भारतात होत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टॉम ग्रुंडनर यांनी १९८४ मध्ये टेलिफोनला जोडलेल्या एका संगणकावर नागरिकांच्या आरोग्यविषयक प्रश्नांना डॉक्टरांची उत्तरे मिळण्याची सोय केली होती. तिचे नाव 'सेंट सिलिकॉन्स हॉस्पिटल' असे गमतीचे होते. त्यातूनच १९८६ मध्ये 'क्लीव्हलँड फ्री-नेट' ही विनामूल्य सार्वजनिक संगणक सेवा उभी राहिली. याच सेवेवर नर्सिंगच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया फ्लॅटली ब्रेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 'कॉम्प्युटरलिंक' हा प्रयोग केला. अल्झायमर्सने ग्रस्त व्यक्तींची घरी काळजी घेणारे १०२ कुटुंबीय त्यात सहभागी होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या घरी संगणकाचे टर्मिनल व मोडेम नेऊन बसवण्यात आले, ते वापरण्याचे शिक्षणही देण्यात आले आणि वर्षभर त्यांचा वापर नोंदवण्यात आला.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आजही विचार करावयास लावणारे आहेत. शुश्रूषाकर्त्यांचा निर्णय घेण्यातील आत्मविश्वास वाढला. परंतु निर्णय घेण्याचे कौशल्य वाढल्याचे दिसले नाही. एकाकीपणावरही, इतर घटक वेगळे काढल्यास, लक्षणीय परिणाम आढळला नाही. टर्मिनलवर रोगाविषयी माहितीचा संग्रह होता, निर्णय घेण्यास साहाय्य करणारी प्रणाली होती आणि आपसांत पत्रव्यवहार करण्याची सोय होती. सहभागी व्यक्तींनी सर्वाधिक वापर या शेवटच्या सोयीचा केला. तज्ज्ञांनी मोठ्या कष्टाने रचलेल्या ज्ञानकोशापेक्षा त्याच अवस्थेतून जाणाऱ्या दुसऱ्या माणसाचे चार शब्द त्यांना अधिक हवे होते.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र यातील सर्वांत महत्त्वाची बाब निष्कर्षांत नसून पद्धतीत आहे. संशोधकांनी शुश्रूषाकर्त्याला संगणकापर्यंत बोलावले नाही. संगणक त्याच्या घरी नेला. रुग्णाला सोडून घराबाहेर पडता येत नाही हीच त्याची मूळ अडचण आहे, हे त्यांनी प्रारंभीच मान्य केले होते. क्लीव्हलँड फ्री-नेट १९९९ मध्ये बंद पडले. ती समजही बहुधा त्याच्याबरोबर मागे पडली, कारण पुढील काळातील बहुतेक सार्वजनिक योजनांची रचना नेमकी उलट दिशेने झालेली दिसते.

भारतातील आरंभ आणि लिपीचा प्रश्न

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तोपर्यंत ही सोय 'अर्नेट'च्या द्वारे शिक्षण व संशोधन संस्थांपुरती होती. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. तरीही टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घ्यावयाची म्हणजे घरी टेलिफोन हवा. आणि २००१ च्या जनगणनेनुसार देशातील केवळ ९.१ टक्के कुटुंबांकडे टेलिफोन होता. दहा वर्षांनंतर, २०११ च्या जनगणनेत, इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे अवघी ३.१ टक्के आढळली. त्या काळातील इंटरनेट म्हणजे नाक्यावरचा सायबर कॅफे होय. तो तरुणांचा अड्डा होता. दुखणेकऱ्याला घरी ठेवून एखादी पन्नाशीची गृहिणी तेथे तासभर बसून 'कंपवात' या विषयावर माहिती शोधील, ही कल्पनाच त्या काळी कोणाला सुचली नसती.

समजा ती गेली असती, तरी तिला मराठीत काय मिळाले असते? हा प्रश्न महाराष्ट्रातील डिजिटल वंचिततेच्या इतिहासात पुरेसा मांडला गेलेला नाही. नव्वदच्या दशकात व पुढेही काही वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फाँटमध्ये प्रसिद्ध होत असे. तो फाँट आपल्या संगणकावर उतरवून घेतला नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसे. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नसे आणि अंधांच्या वाचनप्रणालीला वाचता येत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. परंतु सामान्य वापरातील संगणकप्रणालीत देवनागरीची व्यवस्था 'विंडोज २०००' पासून आली. त्यानंतरच्या 'विंडोज एक्सपी'वरही ती आपोआप सुरू नसे. मूळ सीडी घालून ती बसवावी लागे. ज्या घरात संगणक मुलाच्या अभ्यासासाठी हप्त्यावर घेतलेला असे, तेथे ही सीडी कोण शोधणार? मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. शुश्रूषेविषयीचे मराठी ज्ञान नव्हते असे नाही. ते वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, डॉक्टरांनी लिहिलेल्या छोट्या पुस्तिकांत व शेजारणींच्या अनुभवात भरपूर होते. ते इंटरनेटवर नव्हते एवढेच.

याच काळात महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचे दोन मोठे उपक्रम झाले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम २००२ पासून गावोगावी पोहोचला. मराठी माध्यमातील लाखो तरुण-तरुणींचा संगणकाशी पहिला परिचय त्याने घडवला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु शासकीय नोकरीसाठी आवश्यक अर्हता हे त्याचे प्रमुख आकर्षण होते. जिला नोकरी करावयाची नाही, किंवा घरातील आजारपणामुळे जिने नोकरी सोडली आहे, तिला हे प्रमाणपत्र घेण्याचे कारणच उरत नव्हते.

दुसरा उपक्रम वारणेचा. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा सहकारी समूहाच्या क्षेत्रातील सत्तर गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीची माहिती गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळावी, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. प्रत्यक्षात गावातील केंद्रांवर मुख्यतः उसाचा हिशेब झाला : तोडणीची परवानगी, वजनाच्या पावत्या, बिलाची स्थिती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी हीच कामे मोबाइलवरील लघुसंदेशाने होऊ शकतात असे सात गावांत करून दाखवले. यात वारणेला दोष देण्याचे कारण नाही. सहकारी साखर कारखान्याच्या गावात संगणक आला की तो प्रथम ऊस मोजणार, हे स्वाभाविकच आहे. मात्र ज्याचे वजन होते, ज्याची पावती निघते व ज्याचे बिल होते, त्याच व्यवहारासाठी यंत्र आधी राबते, एवढे त्यातून स्पष्ट होते. शुश्रूषेची पावती निघत नाही.

ती मोजण्याचा शासकीय प्रयत्नही उशिराचा आहे. १९९८-९९ मध्ये झालेल्या पहिल्या प्रायोगिक वेळ-वापर सर्वेक्षणात हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू व मेघालय ही सहा राज्ये होती; महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाचे असे पहिले सर्वेक्षण २०१९ मध्ये झाले. कुटुंबातील व्यक्तींची विनावेतन काळजी घेण्यात २७.६ टक्के स्त्रिया व १४ टक्के पुरुष सहभागी असल्याचे त्यात आढळले. सहभागी स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुषाचा ७६ मिनिटे होता. यात बालसंगोपनाचाही समावेश आहे, त्यामुळे हे आकडे केवळ आजारी व वृद्ध यांच्या शुश्रूषेचे म्हणून वाचता येणार नाहीत. शिवाय रुग्ण शेजारच्या खोलीत झोपलेला असताना त्याच्या कण्हण्याकडे कान लावून स्वयंपाक करणे हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हा प्रश्न उरतोच.

संघटन : कागदावरून पडद्याकडे

इंटरनेट सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच शुश्रूषाकर्त्यांच्या संघटना उभ्या राहू लागल्या होत्या. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठीची संस्था स्थापन केली. केरळात १९९२ मध्ये अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निर्माण झाली व पुढे तिच्या शाखा अन्य शहरांत निघाल्या. पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना झाली. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते व स्वतः शुभंकर होते. पत्नीच्या दीर्घ आजाराचा अनुभव त्यांना होता, आणि परदेशात राहून महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी त्यांनी ही संघटना उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट याच प्रयत्नांच्या परिसरात घडला. त्याच दिग्दर्शकांच्या २०१३ च्या 'अस्तु'ने स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची व त्यांच्या मुलीची गोष्ट मराठी प्रेक्षकांसमोर ठेवली.

या संघटनांचे मुख्य माध्यम मासिक बैठक हे होते. बैठकीला येण्यासाठी घरी दुसरे कोणी तरी बसवावे लागे. म्हणजे ज्याला आधाराची सर्वाधिक गरज तोच अनुपस्थित राही. ही अडचण इंटरनेटने दूर करावयास हवी होती, आणि काही अंशी केलीही. स्वस्त स्मार्टफोन, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर कोसळलेले डेटाचे दर आणि व्हॉट्सॲप या तिन्हींच्या संयोगाने मराठी शुश्रूषाकर्त्याला प्रथमच घरबसल्या बोलता येऊ लागले. विशेष म्हणजे टंकलेखन येत नसले तरी ध्वनिसंदेश पाठवता येत असे. लिपीचा जो अडथळा वीस वर्षे धोरणकर्त्यांना दूर करता आला नव्हता, तो असा वळसा घालून ओलांडला गेला. मध्यरात्री रुग्ण ओरडत असताना 'आमच्याकडेही असेच होते' एवढा आवाज ऐकू येणे ही सामान्य गोष्ट नाही. क्लीव्हलँडच्या टर्मिनलवर जे दिसले होते तेच येथेही दिसते : माहितीपेक्षा सोबत अधिक हवी असते. अर्थात त्याच व्हॉट्सॲपवरून 'अमुक रसाने स्मृतिभ्रंश बरा होतो' असले संदेशही येतात आणि थकलेला माणूस त्यांवर विश्वास ठेवण्यास अधिक तयार असतो, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु ही सोय सर्वांना मिळाली असे मानणे चुकीचे ठरेल. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १४.९ टक्के, तर नागरी भागात ४२ टक्के होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के व पुरुष ५७.१ टक्के आढळले. महाराष्ट्रात हे आकडे अनुक्रमे ३८ व ६१.५ टक्के होते. हे आकडे वेळ-वापर सर्वेक्षणाशेजारी ठेवले म्हणजे विसंगती ध्यानात येते. शुश्रूषा करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे, आणि इंटरनेट वापरणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दीडपटीहून अधिक आहे. शुश्रूषा एकीच्या हातात आणि फोन दुसऱ्याच्या खिशात, अशी ही विभागणी आहे.

ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांचे तरी काय झाले? जागतिक आरोग्य संघटनेने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी 'आयसपोर्ट' हा इंटरनेटवरील प्रशिक्षणक्रम तयार केला. भारतात त्याची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी झालेल्या १५१ शुश्रूषाकर्त्यांपैकी ५५ जणांनीच अभ्यास पूर्ण केला. नैराश्य वा ताण यांत लक्षणीय फरक दिसला नाही. रुग्णाकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात मात्र काही सुधारणा दिसली. हे अपयश शुश्रूषाकर्त्यांच्या अनास्थेचे आहे, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. दिवसातून सलग अर्धा तास स्वतःचा मिळणे हीच ज्याच्या आयुष्यातील दुर्मिळ गोष्ट आहे, त्याच्यासाठी धड्यांमागून धडे असा अभ्यासक्रम रचणे ही अभ्यासक्रम रचणाऱ्याची चूक आहे.

'दुसऱ्याच्या वतीने' : कागद आणि बोटाचा ठसा

यानंतरचा भाग हा शासकीय कारभाराच्या डिजिटलीकरणाचा आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा येथेच येतो.

कागदी कारभार शुश्रूषाकर्त्यांना सुखाचा होता असे नव्हे. तहसील कार्यालयातील हेलपाटे ज्यांनी मारले आहेत ते असे म्हणणार नाहीत. परंतु त्या कारभाराला अंथरुणावरचा माणूस माहीत होता. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा असमर्थ खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा, तोही शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन पैसे काढता येतात. त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. निवृत्तिवेतनधारकाच्या हयातीचा दाखला राजपत्रित अधिकारी वा बँक अधिकारी सहीनिशी देऊ शकत असे, आजही देऊ शकतो. या तरतुदींत एक गृहीतक होते : माणूस येऊ शकत नसेल तर दुसरा माणूस त्याच्यासाठी येईल, आणि तिसरा माणूस त्याची खात्री देईल.

डिजिटल कारभाराने या तिसऱ्या माणसाच्या जागी यंत्र आणले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेत आधार क्रमांक व बोटाचा वा डोळ्याच्या बुबुळाचा ठसा यांच्या आधारे हयातीचा दाखला घेता येऊ लागला. लाखो वृद्धांची बँकेतील रांग त्यामुळे टळली, हे खरे आहे. परंतु वयोमानाने व आयुष्यभराच्या कष्टाने झिजलेली बोटे, पक्षाघाताने आखडलेला हात, मोतीबिंदूचा डोळा आणि 'यंत्राकडे बघा' ही सूचनाच न समजणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण यांच्यासमोर यंत्र थबकते. अशा वेळी यंत्राशी झगडतो तो शुश्रूषाकर्ता. अर्जात मात्र त्याचे नाव कोठेही नसते. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी आली. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत घरी येऊन दाखला देण्याची सेवा २०२० मध्ये सुरू झाली, आणि ती अनेकांना अधिक उपयोगी वाटली असल्यास नवल नाही : यंत्र घरी आले, आणि यंत्राबरोबर माणूसही आला.

महाराष्ट्रात 'महा ई-सेवा केंद्र' हा यावरील नेहमीचा उपाय आहे. २००६ मध्ये मंजूर झालेल्या सामाईक सेवा केंद्रांच्या योजनेत देशातील सहा लाख खेड्यांसाठी एक लाख केंद्रांची कल्पना होती. या केंद्रांनी फार मोठे काम केले आहे. तथापि शुश्रूषाकर्त्याच्या दृष्टीने त्यांत दोन अडचणी राहतात. केंद्रापर्यंत जावयाचे तर रुग्णाजवळ कोण बसणार, ही पहिली. दुसरी अधिक नाजूक आहे. रुग्णाचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फोनवर आलेला ओटीपी आणि कित्येकदा मानसिक आजाराचे प्रमाणपत्र हे सर्व गावातील ओळखीच्या केंद्रचालकासमोर उघडे करावे लागते. ज्या आजाराविषयी कुटुंबाने सोयरिकीच्या भीतीने वर्षानुवर्षे मौन पाळले, तो स्कॅनरच्या काचेवर ठेवावा लागतो. काही कुटुंबांनी अशा सवलतींचा नादच सोडला तर त्यांना अज्ञानी म्हणता येणार नाही.

कायद्याची स्थितीही एकसारखी नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळू शकते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्या कायद्यात बसत नाही. बेशुद्धावस्थेत असलेल्या व्यक्तीच्या खात्यातून तिच्याच उपचारासाठी पैसे काढावयाचे असल्यास कुटुंबीयांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागल्याची उदाहरणे आहेत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र १ जून २०२१ पासून देशभर केवळ 'यूडीआयडी'च्या ऑनलाइन प्रणालीतूनच देण्याचे बंधन आले. महासाथीच्या दुसऱ्या लाटेच्या त्या दिवसांत ही तारीख किती कुटुंबांच्या ध्यानात आली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

महासाथ : दोन दस्तऐवज

कोविड-१९ च्या काळातील दोन शासकीय दस्तऐवज शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला २५ मार्च २०२० चा. देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी दूरवैद्यक सेवेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांत शुश्रूषाकर्त्याचा स्वतंत्र विचार आहे. रुग्ण सोळा वर्षांपर्यंतचा असेल किंवा स्मृतिभ्रंश, शारीरिक विकलांगता यांसारख्या कारणाने असमर्थ असेल, तर शुश्रूषाकर्त्याला त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलण्याचा अधिकार आहे असे मानले जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या वाक्याकडे अभ्यासकांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. घरातील 'करणारे माणूस' येथे अधिकृत कागदावर, तेही डिजिटल व्यवहारासंबंधीच्या कागदावर, अवतरले. त्यानंतर तीनच आठवड्यांत, १३ एप्रिल रोजी, 'ई-संजीवनी'ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली.

दुसरा दस्तऐवज लसीकरणाचा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले आणि त्यांना 'कोविन'वर आगाऊ नोंदणी अनिवार्य करण्यात आली. आरंभी ही प्रणाली इंग्रजीत होती. मराठीसह अन्य भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असे. या वयोगटातील शुश्रूषाकर्त्याची स्थिती विचित्र होती. घरातील वृद्धाला लस मिळावी म्हणून तोच फोनवर धडपडत होता, आणि स्वतः बाधित झाल्यास तोच रोग वृद्धापर्यंत नेणार होता; तरीही शुश्रूषाकर्ता म्हणून त्याला स्वतंत्र अग्रक्रम नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात २०१७-१८ च्या सर्वेक्षणाचा आधार घेऊन केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबण्यातील धोका दाखवून दिला आणि अंध व्यक्तींना येणाऱ्या अडचणींचीही नोंद घेतली. तत्पूर्वी २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस केंद्राने मुभा दिली होती.

अंथरुणाला खिळलेल्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. ज्येष्ठ, अपंग व अंथरुणावरील व्यक्तींना घरी जाऊन लस द्यावी, अशी जनहित याचिका दोन वकिलांनी केली होती. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने या प्रश्नाचा अनेक आठवडे पाठपुरावा केला. घराजवळील केंद्र हाच आपला पर्याय आहे, अशी केंद्राची भूमिका होती. अखेर जुलै २०२१ च्या अखेरीस मुंबईच्या के-पूर्व विभागात घरोघरी लसीकरण सुरू झाले, आणि सप्टेंबरमध्ये केंद्रानेही देशभरासाठी तशी अनुमती दिली. मात्र मुंबईतील योजनेसाठी अशा रुग्णांची माहिती कुटुंबीयांनी ई-मेलने कळवावी, असे सांगण्यात आले होते. रुग्ण पुढील सहा महिने अंथरुणावर राहील असे डॉक्टरांचे प्रमाणपत्रही आवश्यक होते. ही सोय सद्हेतूनेच केलेली होती. पण अंथरुणावरचा माणूस पालिकेला दिसण्यासाठी त्याच्या घरी ई-मेल लिहिणारा कोणी तरी असावा लागला. एकट्या राहणाऱ्या वृद्ध पती-पत्नीच्या घरात, जेथे ऐंशी वर्षांची पत्नीच शुश्रूषाकर्ती होती, तेथे ही यादी पोहोचणे अवघड होते.

महासाथीनंतर चित्र पूर्वीचे राहिले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर साधा फोन करून मानसिक आरोग्याविषयी बोलता येते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया व २१.४ टक्के पुरुष कुटुंबीयांची काळजी घेताना आढळले. सहभागींचा दैनंदिन वेळ अनुक्रमे १४० व ७४ मिनिटे भरला. पुरुषांचा सहभाग वाढला. मिनिटे मात्र वाढली नाहीत.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांची उपलब्धता हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचा निर्णय दिला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत पापणी मिटून दाखवण्यास सांगितले जात होते, त्यातून हे प्रकरण उभे राहिले होते. न्यायालयाने वीस निर्देश दिले. कागदोपत्री पडताळणीचा मार्ग खुला ठेवावा आणि डिजिटल प्रक्रियेतही अंगठ्याचा ठसा ग्राह्य धरावा, हे त्यांपैकी दोन होत. निकालाचा विषय अपंग व्यक्ती स्वतः ग्राहक म्हणून समोर असण्याचा होता. जी व्यक्ती समोर येऊच शकत नाही तिच्या वतीने फोन हाती धरणाऱ्याचा प्रश्न त्या प्रकरणात न्यायालयापुढे नव्हता. मार्च २०२० च्या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांतील ते एक वाक्य बँकेच्या, निवृत्तिवेतनाच्या व अपंगत्व प्रमाणपत्राच्या प्रणालींत अद्याप उतरावयाचे आहे.